बेवारस हाक

आमच्या सोसायटीतल्या आत्याला कुठलीही गोष्ट बिननावाची राहिलेली खपत नसे. माणसांची नावं ती खुशाल विसरायची. माझ्या भावाला, मंदारला, वर्षानुवर्षं मिलिंद म्हणत होती. पण रोजच्या जगण्यात आपण सगळेच जे चमत्कारिक वागतो, त्याला ती बरोब्बर नाव शोधून काढायची आणि ते नाव चारकोपच्या आमच्या सेक्टरभर फिरायचं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ही सगळ्यांची आत्या. तिचे यजमान मग आपोआप आतोबा झाले.

सुचलेलं नाव ती चारचौघांत जाहीर करत नसे. समोरच्याचा कान जवळ ओढायची, 'कुर्रर्र' करायची आणि हळूच नाव सांगायची. बारशाला नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात ना, तसा एक धपाटा खाल्ल्याशिवाय ती कान सोडायची नाही.

पाहुणे 'निघतो हं' म्हणून चपला घालतात आणि मग दारात उभं राहून खरं बोलणं सुरू होतं, ती चप्पलबैठक. बशीतलं शेवटचं भजं, सगळ्यांना हवं असतं आणि कोणीच उचलत नाही, ते पोरकं भजं. एकदा माझी आई स्वयंपाकघरात गेली आणि आपण इथे कशाला आलो तेच विसरून उभी राहिली. तिच्या आईची स्मरणशक्ती म्हातारपणी पार गेली होती, त्यामुळे आईने त्या विसरण्याची धास्ती घेतली होती. आत्याने तिचा कान ओढला. "कुर्रर्र... घरचकवा." कोकणात रानात माणसाला वाट चुकवणारं भूत असतं म्हणतात, तो चकवा आत्याने आमच्या दोन खोल्यांत आणून बसवला. तेव्हापासून आई विसरली की "लागला गं चकवा" म्हणून स्वतःच हसायला लागली. आत्या म्हणायची, "नाव दिलं की भूत अर्धं होतं गो. नाव नसतं तोवर ते डोक्यावर बसतं."

मला दिलेलं नाव वेगळं होतं. शाळेतून आल्यावर दुपारी मी घरात एकटी असायची. नळ सोडला की पाण्याच्या आवाजात कोणीतरी आपल्याला हाक मारतंय असं वाटायचं. नळ बंद केला की काही नाही. मी घाबरून आत्याकडे पळायची. तिच्या गावात अशा अवेळी आलेल्या हाकेला ओ देत नसत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस असेल तर पुन्हा मारेल, तिसऱ्यांदा मारेल, तोवर गप्प राहायचं. आत्याने हे सगळं सांगितलं आणि मी आणखीच घाबरल्यावर माझा कान ओढला. "कुर्रर्र... बेवारस हाक. स्टेशनवर बेवारस पिशवी दिसली तर हात लावतेस काय? नाही ना? तशीच ही. तिला धनी नाही. सोडून द्यायची." मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि माझी भीती गेली.

पुढे मी कॉलेजात असताना एका दुपारी आत्या आमच्याकडे सोलकढीचं भांडं देऊन निघाली होती. निघाली होती म्हणजे चप्पलबैठक रंगात आली होती. आत आईने वाटणाला मिक्सर लावला होता. आत्या बोलता बोलता थांबली. "मला हाक मारली कोणी?"

आईने मिक्सर बंद केला. तिघींनी कान दिला. आमच्या आणि समोरच्या आत्याच्या घरामधल्या चौकात नेहमीची सामसूम होती.

"बेवारस," आत्या म्हणाली. आम्ही हसलो आणि बैठक पुढे चालू झाली.

ती घरी गेली तेव्हा आतोबा मोरीच्या दारात पडलेले होते. गिरणी बंद पडल्यावर इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोकी बांधून संसार ओढणारा तो शांत माणूस, शांतपणेच गेला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच कोणी पोचलं असतं तर वाचले असते का, ते सांगता येत नाही. ठाम 'नाही' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आत्याने त्यानंतर कशालाच नाव दिलं नाही. आणि कुठलीही हाक सोडली नाही. कुकरची शिट्टी झाली, भंगारवाला ओरडला, चौकात कोणी आपल्या पोराला बोलावलं, की आत्या दारात हजर. "ओ, इलंय." आले म्हणण्याची तिची मालवणी रीत. पोरं सुरुवातीला मुद्दाम हाका मारून बघायची. मग त्यांच्या आयांनीच चौकात मोठ्याने बोलणं सोडलं. मी एकदा तिला हसवायला काहीतरी सांगून म्हटलं, "आत्या, याला नाव दे ना." ती म्हणाली, "नाव दिलं की माणूस निर्धास्त होतो गो. तेच वाईट."

अशीच काही वर्षं गेली. एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना तिने विचारलं, "त्या दिवशी तुला ऐकू आली होती काय ती हाक?"

तिला सोडवणारं उत्तर एकच आहे असं मला वाटलं. "नाही आत्या. कोणी हाक मारलीच नव्हती. बेवारसच होती ती."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मी बघत होते. चेहरा उतरला.

"म्हणजे जाताना तेंनी माका साद घातल्यानीच नाय?"

हाक आली असेल तर आत्या धावून गेली नव्हती. आली नसेल तर आतोबा तिला न बोलावताच गेले होते. यातलं पहिलं उराशी धरून ती इतकी वर्षं जगली होती आणि तेच मी काढून घ्यायला निघाले होते. मिक्सरच्या घरघरीत मला त्या दिवशी काही ऐकू आलं होतं का? खरंच सांगता येत नाही, आजही.

मी तिचा कान जवळ ओढला. "कुर्रर्र... आतोबांची हाक. मिक्सर बंद व्हायच्या आधी आली होती. एकदाच."

तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. चांगला जोरात. मग आणखी एक. मग तिचा हात पाठीवरच राहिला आणि ती रडायला लागली.

पुढे तिचा मुलगा तिला मुलुंडला आपल्याकडे घेऊन गेला. ती तिकडेच वारली. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता मी घरूनच काम करते. दुपारी आईसाठी मिक्सर लावते तेव्हा कधी कधी हाक येते. आवाज आत्याचा असतो. मी मिक्सर बंद करून दार उघडते. समोर तिच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, त्यांचं दार लावलेलं असतं. या हाकेला एक नाव सुचलंय मला, तिने ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती असं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. दारात उभी राहते आणि ओ देते.