मिलिट्रीच्या गाड्यांना काळा रंग

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल निदान कोणी बैलगाडीच्या आखाला मागून तरी नेतं. किस्से कोणी नेत नाही. चार मित्र बसले की ते आपणच वाटायचे.

माझे सगळे वाशीमच्या रिसोड रोडवरच्या एका गॅरेजातले. एकाहत्तरची लढाई संपल्यानंतरची ती वर्षं. लष्कराने मोडीत काढलेले मालाचे ट्रक शेठ लिलावात घ्यायचा, सीताराम मिस्त्री ते चालते करायचा आणि मी त्यांना रंग द्यायचो. लोक म्हणायचे डिस्पोजलच्या गाड्या. शेठचं नाव सांगत नाही. त्याची मुलं इथेच आहेत आणि त्यांच्या दुकानांच्या पाट्या अजून मीच रंगवतो.

*

लिलावात बॉनेट उघडू द्यायचे नाहीत. शेठ आपला टायरला लाथ मारायचा आणि बोली लावायचा. एकदा सौदा झाल्यावर बॉनेट उघडलं, तर आत इंजिनच नाही.

सीताराम म्हणाला, "शेठ, हे तं नुसतं खोकं हाय."

शेठ म्हणाला, "इंजिनाचं पाहू मंग. टायर तं पाह्य, कसे कोरे हाय!"

ते खोकं साखळीने दुसऱ्या ट्रकला बांधलं आणि सीताराम त्याच्या स्टिअरिंगवर बसून तीन दिवस ओढला गेला. लढाई ताजी होती. वाटेत एका गावात लोकांनी गाडी अडवली, नारळ फोडला, बंपरला हार घातला. सीताराम स्वतः लष्करात ड्रायव्हर-मेकॅनिक होता, असं कोणीतरी सांगितलं. मग त्यालाही खाली उतरवलं. हार गळ्यापर्यंत आला आणि एका म्हाताऱ्याने आडनाव विचारलं. सीतारामने सांगितलं. तो हार मग आरशाला अडकवला गेला आणि सीतारामला चहा कानतुटक्या कपात मिळाला.

हे आम्हाला सांगताना तो हसत होता. म्हणाला, "गाडीले मात्र कोणी आडनाव नाही इचारलं."

*

एका ट्रकच्या दाराला गंजून भोक पडलं होतं. शेठने गिऱ्हाइकाला सांगितलं, गोळी लागली, सरहद्दीवरची गाडी आहे. गिऱ्हाईक भोकात बोट घालून घालून खूश झालं. महिन्याभराने त्याच्या साडूनेही शेठकडून ट्रक घेतला. त्याने आपल्या ट्रकची दोन्ही दारं तपासली आणि तोंड पाडून म्हणाला, "आमच्या गाडीले काहून नाही लागली गोळी?"

शेठने सीतारामला हाक मारली. सीताराम ड्रिल घेऊनच आला.

"किती गोळ्या मारू, शेठ?"

*

हे ट्रक पेट्रोलवर चालायचे. पेट्रोल महाग झालं तेव्हा रिसोडचा एक धान्याचा व्यापारी ट्रक परत करायला आला. म्हणाला, "हे गाडी चालत नाही, नुसती पेते."

शेठ शांतपणे म्हणाला, "मंग चालोता कायले? दुकानापुढं उभी ठेवा. रुबाब पडते."

आम्ही पोट धरून हसलो. व्यापाऱ्याने ट्रक खरंच दुकानापुढे उभा ठेवला.

*

आता चाकांचं सांगतो. या गाड्यांचं चाक दोन फाळक्यांचं असायचं. एका गोलातले नट चाकाला गाडीशी धरायचे आणि दुसऱ्या गोलातले नट ती दोन फाळकी एकमेकांशी धरायचे. टायरात हवा असताना हे दुसरे नट खोलले, तर चाक फुटून उडायचं आणि समोरचा माणूस संपायचा. म्हणून लष्करात ते लाल रंगवत. सीतारामच्या डोळ्यांसमोर त्याचा एक सोबती असा गेला होता.

शेठला लाल ठिपके खपायचे नाहीत. म्हणायचा, "गाडीले देवी आल्यासारखं दिसते. काळं कर सारं." मी काळं करायचो. सीताराम डब्यात बोटभर लाल रंग घेऊन मागून यायचा आणि एकेक नट पुन्हा लाल करायचा. मी पुन्हा काळं करायचो.

खरं सांगतो, मला राग यायचा तो सीतारामचा. आपल्या रंगावर दुसऱ्याने ब्रश फिरवलेला कोणत्या पेंटरला आवडतो? एकदा मी बोललोही. तो म्हणाला, "पेंटर, तुह्या कामाले मी नावं नाही ठेवत. पण कोणता नट खोलाचा नाही, हे पाना घेऊन बसणाऱ्याले कसं समजन?"

*

नामदेव माळी गाडी घ्यायला आला तो तीन भाऊ आणि आई घेऊन. वाशीमच्या कडेला त्यांचा मळा होता आणि भाजी अकोल्याला न्यायची होती. आई पदर खोचून ट्रकमध्ये चढली, चारी कोपरे फिरली आणि वरून म्हणाली, "नामदेवा, यात तं आपलं घर मावते रे. भाजी कुठं ठेवशीन?"

सीतारामने नामदेवला चाकाजवळ बसवलं. नटांवर बोट ठेवून म्हणाला, "हवा असताना या लालाले हात लावायचा नाही. कोणालेच लावू देऊ नका."

नामदेव हसला. "मिस्त्री, मले वांगे-भेदरं इचारा. पण लाल तं लाल, ध्यानात राहीन."

दुसऱ्या दिवशी सीताराम सामान आणायला अकोल्याला निघाला. जाताना मला म्हणाला, "पेंटर, एवढ्या गाडीचे तरी लाल राहू दे. माणूस भोळा हाय." मी हो म्हणालो. दुपारी शेठ आला, चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काळ्याचा डबा उघडला.

संध्याकाळी गाडी गेली. आईने चारी बाजूंनी हळदकुंकू लावलं आणि मला पेढा दिला. तो मी खाल्ला.

*

पुढच्या महिन्यात जऊळका स्टेशनजवळ नामदेवची गाडी पंक्चर झाली. मागच्या जोडचाकातलं आतलं चाक बसलं होतं. ते काढायला आधी बाहेरचं, हवेने भरलेलं चाक काढावं लागतं. सगळे नट एकाच रंगाचे. लाल कुठे दिसेना, म्हणून नामदेव निर्धास्त बसला असणार. त्याने हाताला आले ते खोलले.

बातमी आली तेव्हा मी जेवत होतो. ताट सारून उठलो. सीताराम नामदेवच्या घरी जाऊन आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठने माझ्या हातात लाल रंगाचा डबा दिला. अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे नट मी जेवणाच्या सुट्टीआधी लाल करून टाकले.

दुपारी पोलीस जमादार आले. एका नटाला त्यांनी हात लावला आणि लाल झालेलं बोट रुमालाला पुसलं.

"इथं तं सारे लाल हाय," ते म्हणाले. "मंग त्याच गाडीचे काळे काहून? रंग कोण मारते?"

मी पुढे झालो.

"कोणता रंग माराचा, ते तुले कोण सांगते?"

शेठ चष्मा पुसत होता. सीताराम गाडीखालून निघून उभा राहिला होता. मी म्हणालो, "मिस्त्री."

सीतारामने माझ्याकडे पाहिलं. मग जमादाराकडे वळून म्हणाला, "हो सायेब, म्याच सांगतलं होतं. लाल माराले सांगतलं होतं."

जमादाराची पेन्सिल सीतारामच्या पहिल्या वाक्यावरच थांबली होती. ते वाक्य त्यांनी वाचून दाखवलं आणि जबाबाखाली माझी सही घेतली. पेंटर माणूस, अक्षर चांगलं आलं.