हरकत आक्काची

माझी आत्या गेली हे मला व्हॉट्सअपच्या स्टेटसवरून कळलं. कारेगावात कंपनीत पहिली पाळी होती. दहाच्या चहाला लॉकरमधून मोबाइल काढला आणि गावातल्या एका माणसाचं स्टेटस उघडलं. निळं आभाळ, पांढरे ढग, खाली कमळ, मधे आत्याचं तोंड, आणि 'आमच्या मातृतुल्य मार्गदर्शक' अशी अक्षरं. मी ते दोनदा वाचलं. आत्या, आणि याची मार्गदर्शक? तेवढ्यात शेजारच्या हमीदमामांचा फोन आला. म्हणाले, "आक्का गेली रं. च्या ठेवाय उठली आन् तिथंच बसली... तू ये." म्हणजे भाच्याला कळायच्या आधी तिला मातृतुल्य म्हणून जाहीर करून मोकळा झालेला हा माणूस कोण, तर जिच्या शिव्या तो फ्लेक्सवरून सकाळ-सकाळ दारात उभा राहून खायचा, तोच. मेलेल्या माणसावर पहिला हक्क कुणाचा, याचीही आमच्याकडं आता शर्यत लागते. त्या शर्यतीत मी हरलो. त्याला आज तीन आठवडे झाले, पण राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या गावात ते पुरेसं लिहून झालेलं आहे. फ्लेक्सवर तो स्वतःला 'युवा नेतृत्व' म्हणवतो, आपणही तेच म्हणू. शाळेत तो माझ्या वर्गात होता, त्यावरून युवा किती ते मला ठाऊक आहे.

आत्या गावाची आक्का. ती गोड बाई होती असं मी लिहिलं तर वर बसून मलाच शिव्या देईल. ती तोंडानं फाटकी होती. भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही, आणि तिच्याशी भांडण झालेलं नाही असं एकही घर आमच्या आळीत सापडणार नाही. मूलबाळ नव्हतं. आप्पा, तिचे यजमान, मूळचे कवठे येमाईचे, एसटीत ड्रायव्हर. शिरूर–दौंड मार्गावर त्यांची उभी हयात गेली, म्हणून घरही त्याच रस्त्याला, आमच्या गावात, आत्याच्या माहेरीच बांधलं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी आप्पांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डावा हात राहिला, आणि एक 'हूं'. त्या 'हूं'चे पंधरा अर्थ आत्याला कळायचे, आम्हाला दोन.

मग तिनं जे केलं ते तिनंच करावं. गवंडी बोलावला आणि रस्त्याकडच्या भिंतीतली खिडकी फोडून हातभर खाली घ्यायला लावली, खाटेच्या पातळीला. गवंडी म्हणाला, असली खिडकी कुठं असते का, कुत्री-मांजरं आत येतील. ती म्हणाली, येऊ देत, माणसं तर येत नाहीत. तेव्हापासून आडव्या पडलेल्या आप्पांना पुढचा रस्ता दिसायचा, पलीकडचा ऊस, त्याच्याही पलीकडं घोड नदीच्या काठची बाभळीची रांग. पण खऱ्या बघायच्या असायच्या त्या गाड्या. दौंडकडं जाणारी सकाळची गाडी आली की डावा हात वर. जुने ड्रायव्हर ओळखायचे, हॉर्न द्यायचे. नवीन आलेल्यांना आत्यानं थांब्यावर उभं राहून सांगून ठेवलं होतं की त्या पांढऱ्या घरापाशी हॉर्न द्यायचा, न दिलास तर उद्या गाडीपुढं आडवी पडीन. सगळे द्यायचे. एवढंच त्या माणसाचं जग होतं, तीन बाय चार फुटांचं.

त्या जगासमोर, घर आणि रस्ता यांच्यामधल्या पंचायतीच्या मोकळ्या पट्टीवर, दोन वर्षांपूर्वी युवा नेतृत्वानं नारळ फोडला. आम्हाला वाटलं गटार होतंय. आठ दिवसांनी तिथं लोखंडी अँगलचा सांगाडा उभा राहिला, दोन मजले उंच, आणि त्यावर याचा हात जोडलेला फोटो. खाली टपाल तिकिटाएवढे पंचवीस शुभेच्छुक. आप्पांच्या खिडकीत आता काय उरलं, तर फ्लेक्सची मागची बाजू. वर आणखी एक गंमत. फ्लेक्सचं तोंड पूर्वेला, कापड स्वस्तातलं. सकाळी ऊन पडलं की पुढचं चित्र मागं उमटायचं, उलटं. आप्पांचा डोळा उघडला की समोर हा, खिडकीभर, दात काढून.

आत्या पेटली. तिनं आळी गोळा केली. एका रविवारी सगळ्यांना ओट्यावर बसवून कांदाभजी खायला घातली आणि भजी पोटात गेल्यावर निवेदन काढलं. निवेदन मी लिहिलं होतं. 'आपणांस नम्र विनंती' इथपर्यंत वाचलं तर म्हणाली, "नम्र कशाला? आपलं घर झाकलंय, त्याचं न्हाई." मी समजावलं की अर्जाची पद्धतच तशी असते. तिनं कागद घडी करून ठेवला, पण तो शब्द तिला आवडला नाही. सह्या मागायची तिची रीतही न्यारी, विनवणी ठाऊकच नव्हती. "हात झडलाय का तुझा?" असं विचारून कागद पुढं करायची. चार दिवसांत सगळ्या आळीच्या सह्या आणि अंगठे झाले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तो कागद घालून ती तालुक्याच्या कार्यालयात जाऊन आली, एकदा नाही, सहा वेळा. पहिल्या खेपेला आम्ही पंधराजण बरोबर होतो. तिथं पायरीवर कुणीतरी तिचा फोटो काढला, एका हातात निवेदन, तोंड उघडं, शिपायाला काहीतरी सुनावत असलेली. फोटो काढून घ्यायची बाई नव्हे ती. हा एकच.

युवा नेतृत्वानं काय करावं? धमकी नाही, भांडण नाही. त्यानं एवढंच केलं की दूधवाल्याच्या नातवाचा पहिला वाढदिवस फ्लेक्सवर लावला. पोराच्या डोक्यावर सोनेरी मुकुट, मागं सिंह. दूधवाला दिवसभर समोरच्या टपरीवर बसून ते बघत होता. पुढच्या आठवड्यात किराणावाल्याच्या लग्नाचं पंचविसावं वर्ष. मग कुणाची सोसायटीवर निवड, कुणाच्या पोराला पोलीस भरती. कुणाला काही मागायला लागलं नाही. तो फक्त मोबाइलवर फोटो पाठव म्हणायचा. आमच्याकडं माणसाला विकत घ्यायला फार काही लागत नाही, त्याचं तोंड दोन मजली करून दाखवलं की पुरतं. सह्या केलेली एकेक तोंडं वर चढत गेली आणि खाली आत्याच्या ओट्यावरची माणसं कमी होत गेली. ती नावं घेऊन मोजायची. मी हसायचो, म्हणायचो, लोक म्हणजे लोकच.

मग माझी मुलगी दहावीला केंद्रात पहिली आली.

मी फोटो पाठवला नव्हता. हे खरं आहे आणि याचा काही उपयोग नाही. तो तिच्या मामाकडून मिळवला गेला. सकाळी पाळीवरून येताना बघितलं तर पोरगी आभाळाएवढी, आणि खाली 'अभिनंदनेच्छुक'च्या रांगेत पहिला मी. फ्लेक्स उतरवायला लावायचा सोडून मी काय केलं, तर घरी जाऊन तिला घेऊन आलो आणि त्याच्यापुढं उभी करून फोटो काढला. वळलो तर दारात आत्या उभी होती. म्हणाली, "लई ग्वाड दिसती पोरगी. आप्पाला मागनं दिसली सकाळी... उलटी." आणि आत गेली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात पंचनाम्याला तालुक्याचे साहेब आले. सांगाड्याखाली खुर्ची टाकली, आळी जमली, युवा नेतृत्वही आलं, हात जोडूनच. साहेबांनी निवेदन उलटसुलट केलं आणि सरळ विचारलं, "हरकत कुणाची?" आत्या म्हणाली, "माझी." साहेब म्हणाले, तुमची माहीत आहे, आणखी कुणाची? कुणी बोलेना. दूधवाला चपलेकडं बघत होता. मी आत्याच्या शेजारीच होतो, कागद माझ्या अक्षरातला होता, आणि वर माझी पोरगी हसत होती. आत्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं. तेवढ्यात समोरच्या पंक्चरच्या दुकानातून हमीदमामा हात पुसत आले. "माझी बी हाय," म्हणाले. "आप्पाच्या गाडीनं आमची पोरं शाळंत गेली. त्या मानसाला रस्ता दिसू द्या की." मामांची पाचवी पिढी या गावात आहे, पण त्या फ्लेक्सवर त्यांचं तोंड कधी लागलं नव्हतं, त्यांनी लावू दिलं नव्हतं. साहेबांनी लिहिलं, हरकती दोन. दोन हरकतींवर सांगाडा हलत नाही. मी त्या दिवशी बोललो असतो तरी तीनच झाल्या असत्या, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. सख्खा भाचा बोलला असता तर मागचे चार बोलले असते.

चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. शेंगदाण्याची चटणी यायची, वाटी माझ्या बायकोच्या हातात जायची. निवेदनं थांबली आणि सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. झाडलोट झाली की खराटा हातात घेऊन ती फ्लेक्सपुढं उभी राहायची आणि जे तोंड असेल त्याला धरायची. बहुतेकदा तेच असायचं. "उटलास का रं मुडद्या? रातभर उभा ऱ्हाऊन पाय न्हाई व्हय दुखलं? हात कशाला जोडतुयास, कुनाचं काय न्यायचं ऱ्हायलंय अजून?" रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची, कामाला निघालेले बिहारी कामगारसुद्धा. आम्हाला लाज वाटायची. एकदा मी आप्पांना औषध द्यायला आत होतो म्हणून मला कळलं की हे सगळं कुणासाठी चाललं होतं. तिचा आवाज चढला तसे आप्पा हसायला लागले. अर्धं तोंड हलायचं, घशातून घरघर यायची, पण हसूच होतं ते. रस्ता गेला, गाडी गेली, तर तिनं त्यांना हे दिलं होतं.

मातीला सगळी आळी आली. आले ते आले, रडलेसुद्धा. आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येतो तर सांगाड्यावर आत्या. हो, तीच, त्याच सांगाड्यावर. निळं आभाळ, कमळ, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुलांच्या ओळी. मधोमध युवा नेतृत्व, मग दूधवाला, किराणावाला, मी, आणि न विचारता हमीदमामाही. फोटो कुठला, तर तालुक्याच्या पायरीवरचा. फ्लेक्सवाल्यानं हात कापून काढला होता, पण निवेदनाचा एक पांढरा कोपरा तिच्या हनुवटीपाशी राहून गेला होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दूधवाला मला म्हणाला, "झ्याक झालाय न्हाई? आक्काचा मान राखला." मान! मी त्याला काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतला कटर खिशात घालून मी शिडी घेऊन गेलो. वर चढण्याआधी आप्पांना पाणी द्यावं म्हणून आत शिरलो. ऊन नुकतं आलेलं. खिडकीत आत्या होती. उलटी, थोडी फिकट, कुंकू उन्हानं पेटलेलं, तोंड उघडं, आता शिव्या घालणार अशी. आप्पा डावा हात वर करून बघत होते. मी कटर दाखवला, खिडकीकडं खूण केली. त्यांनी तोच हात माझ्या मनगटावर ठेवला आणि 'हूं' म्हणाले. त्या 'हूं'चा अर्थ मला पहिल्यांदाच लगेच कळला.

म्हणून तो फ्लेक्स अजून तिथं आहे, आणि तो तिथं राहावा म्हणून मी झटतोय, यापेक्षा मोठी थट्टा तिच्या शत्रूलाही सुचली नसती. गेल्या रविवारी सकाळी युवा नेतृत्व आलं. दोन माणसं, शिडी, काखेत नव्या फ्लेक्सची गुंडाळी. त्याचा स्वतःचा वाढदिवस होता. मला म्हणाला, "तेरावा होऊन गेला की रं. आक्का आमची बी होती." मी म्हटलं, हात लावू नकोस. तो हसला. आळी दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडं बघत त्यानं साहेबांच्या थाटात विचारलं, "बरं, आता हरकत कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. आणि मग मला थांबता आलं नाही. "मुडद्या, हात कशाला जोडतुयास, कुनाचं काय न्यायचं ऱ्हायलंय अजून?" पुढचंही सगळं आलं, तिच्याच क्रमानं, तिच्याच आवाजात, भर रस्त्यात. समोरून हमीदमामा पान्हा हातात घेऊन आले आणि नुसतेच माझ्या शेजारी उभे राहिले. दूधवाला आत गेला. शिडी उचलून ती माणसं निघून गेली.

माझ्या पाठीमागं, गुडघ्याच्या उंचीवरून, घरघर ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही. आप्पा हसत होते. फ्लेक्सचा खालचा कोपरा सुटला होता, तो मी तारेनं बांधला आणि शिव्या पुढं चालू ठेवल्या.