एकवीस दिवस ताजा राहिलेला नान

एका बाईची तीन वर्षांची मेहनत मी दोन आठवड्यांत, तेही प्रेमानं, मातीत घातली. तेव्हा मी जेमतेम चौसष्टची होते, उतावीळ वय. बाई म्हणजे आमची वरची. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची म्हणून वरची. अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात अन्न खाण्यापेक्षा ते गुंडाळण्यात जास्त जीव असलेली बाई ती एकच.

कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएचडीला बसली होती. विषय काय, तर गुंडाळलेलं खाणं टिकवणारी आणि नंतर मातीत विरून जाणारी पन्नी. मक्याचा स्टार्च शिजवायची, काचेवर पातळ ओतायची आणि गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी वाळत घालायची. कावळे कुरडया न्यायचे, पन्नीला शिवायचे नाहीत. तिला तो अपमान वाटे. वाळलेला तुकडा माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरून दर जुम्म्याला उकरून बघायची, किती विरला ते. मोगरा दोनदा मेला. पन्नीत लवंगेचं तेल असायचं. ते ती इतकं आणायची की शहागंजातला दुकानदार दर खेपेला तिच्या दाढेची चौकशी करी, आणि तीही समजावत बसण्यापेक्षा "बरी आहे आता" म्हणून मोकळी होई.

मला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; मला मात्र तिनं समजावलं. सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची चीज असते, साखरेच्या कणांची गोल साखळी. "बिनबुडाची इवलीशी वाटी समजा, खाला." त्या वाटीत लवंगेचं तेल लपून बसतं, ओल आली की हळूहळू बाहेर पडतं आणि बुरशीला अडवतं. बूडच नाही तर तेल राहतं कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, परीक्षकही हेच विचारणार.

चाचणीसाठी तिनं माझं स्वयंपाकघर निवडलं, ते दमट आणि बुरशीला सोयीचं आहे असं तोंडावर सांगून. फळीवर सहा नान साध्या प्लास्टिकमध्ये, सहा तिच्या पन्नीत. ती तीन आठवडे कॉलेजच्या परीक्षांत अडकलेली. मी रोज बघायचं आणि तिच्या वहीत बुरशी आहे की नाही, एवढंच लिहायचं. हे गाईडसाहेबांना पटलं नाही तर पीएचडी बुडाली.

चौथ्या दिवशी प्लास्टिकमधले हिरवे झाले. मी आनंदानं लिहिलं. आठव्या दिवशी तिच्या पन्नीतल्या एकावर ठिपका दिसला. तीन वर्षं आणि एक ठिपका. मला बघवेना. शिवाय आपल्या घरात शिळं आठ-आठ दिवस पडून आहे, हेही मनाला लागलेलं. मी पहिले नान जिथून आले होते त्याच दुकानातून सहा ताजे नान आणले, तिनं ठेवलेल्या जास्तीच्या पन्नीत गुंडाळले आणि लिहिलं, बुरशी नाही. मग दर चार दिवसांनी हेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा नानवाल्यानं घरी लग्न आहे का विचारलं.

एकविसाव्या दिवशी तिनं नान दाबून बघितला. मऊ. तिनं बाकीचे पाचही दाबून बघितले. दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली. सोमवारी गाईडसाहेबांना दाखवायचंय, दुआ करा म्हणाली. मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं वही मागितली. प्रयोगाच्या वहीतलं पान फाडायचं नसतं. रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. तिनं आठव्या दिवसापासून खाली सरळ रेघ ओढली.

पुन्हा केलेल्या चाचणीत, फळी या खेपेला तिच्या घरात, पन्नीतला नान प्लास्टिकमधल्यापेक्षा चार दिवस जास्त टिकला. चारच. तेवढ्यावर तिला डिग्री मिळाली, आणि दुसऱ्या गावी नोकरीही. वर आता एक जोडपं राहतं. भलं आहे, पण जिन्यात कसला वास येत नाही. मोगरा लई फोफावलाय. मी अधूनमधून कुंडी उकरून बघते.

त्या दिवशी रेघ ओढून झाल्यावर ती कारणापाशी थांबली होती. मी म्हणाले, माझा गाढवपणा लिही. चष्मा पुसत ती म्हणाली, "खाला, गाढवपणा लिहिला तरी प्रयोग बादच, माया लिहिली तरी बादच. मग माया लिहिते. वाचणाऱ्याला बरं वाटेल."