कागदावर तीन वर्षांची

राजस्थानातल्या दुर्गापुऱ्यात आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीणबाईंना सगळे माँसा म्हणत. नवरा गेल्यावर घरामागचा घोड्यांचा तबेला त्यांनी एकटीनं चालवला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यांची विम्याच्या कचेरीतून बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून तिथे आलेले. घोडा म्हणजे मला वरातीतला तेवढा ठाऊक.

माँसांच्या दोन्ही मुलांना तबेल्याच्या जागी घरं बांधायची होती. रोज तीच कटकट. शेवटी ठरलं, की राजस्थानातच जन्मलेल्या तीन वर्षांच्या घोड्यांची जी शर्यत असते, ती माँसांच्या तांबड्या घोडीनं जिंकली तर तबेला राहील. नाहीतर सगळ्या घोड्या जातील. दुसरी संधी नाही, कारण तीन वर्षांचं वय काही परत येत नाही.

आता यातली गंमत ऐका. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय एक जानेवारीला एक वर्षानं वाढतं. म्हणून शिंगरू जानेवारी लागल्यावरच जन्मावं, असं बघतात. हिची आई नेमकी डिसेंबर संपता संपता व्याली! आठवड्याचंही नाही ते पिल्लू कागदावर वर्षाचं झालं. नोंदणीसाठी जानेवारीतली तारीख कळवा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणे. माँसा कसल्या ऐकतात! त्यामुळे ही अंगानं जेमतेम दोन वर्षांची, आणि पळायचं थोराड घोड्यांबरोबर.

शर्यतीच्या दुपारी मी माँसांशेजारी कुंपणाला चिकटून उभी होते. शेवटच्या वळणावर आमची घोडी दुसऱ्या नंबरावर आली. पुढच्या घोड्यावर चाबूक सपासप चालला होता. आमच्या जॉकीनं मात्र आपला चाबूक उचललाच नाही.

"अरे मार की मेल्या! हात मोडले का तुझे?" मी मराठीतूनच ओरडले. आजूबाजूचे भैये लोक बघायला लागले. बघेनात का!

मानेएवढ्या अंतरानं हरलो. मी त्या जॉकीला फाडून खायला निघाले, तर माँसांनी माझा हात धरला.

"मैंने ही मना किया था, बहू. दो साल की बच्ची है."

"और तबेला?" मला रडूच फुटलं. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

त्यांनी वाकून घोडीचे चारही पाय चाचपले आणि म्हणाल्या, "टाँगें ठीक हैं."

मुलांनी ठरल्याप्रमाणे केलं. घोड्या चौमूंकडच्या एका शेतावर जायच्या होत्या. ट्रक आला. बाकीच्या चढल्या, तांबडी फळीवर पायच ठेवेना. सगळे थकले. तेव्हा माँसा पदर खोचून स्वतः ट्रकमध्ये चढल्या, आणि ती मुकाट त्यांच्या मागोमाग चढली.

मग माँसांना एकटीला खाली उतरावं लागलं.