पहिल्या नंबरावरची बदकं

एक्केचाळिसाव्या वर्षी रबाबला नवशिकी व्हायची हौस आली, असं तिचा भाऊ म्हणायचा. हौस कसली डोंबलाची! सतरा वर्षं तिनं इजिप्तमधल्या दुमियातच्या फर्निचरच्या कारखान्यांत खुर्च्यांचे पाय पॉलिशपेपरनं घासले होते. आमच्या गावात ज्याच्या अंगावर भुसा नाही तो पाहुणा समजावा. पण भुसा अंगावर पडणं वेगळं आणि छातीत जाऊन बसणं वेगळं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "बाई, आता धूळ बंद. बसून करायचं काही बघा."

मोबाईलवर बघून बघून तिनं एक विद्या हाताशी धरली. लोक गुगलवर काही शोधतात, तेव्हा कुणाचं नाव वर दिसावं याची मांडणी करायची. एसईओ म्हणतात त्याला.

भाऊ म्हणाला, "म्हणजे दुकानाबाहेर उभं राहून 'या, या' ओरडायचं, तेच ना?"

"तेच. फक्त ओरडायचं नाही. गिऱ्हाईक मनात काय पुटपुटतंय ते ऐकायचं."

"ईदपर्यंत ऐक म्हणावं. नाही जमलं तर ये माझ्याकडे घासायला, तोंडाला फडकं बांधून."

नदीकाठच्या एका कचेरीत असल्या कामाला माणूस हवं होतं. तिथले रऊफसाहेब फोनवर म्हणाले, "सर्टिफिकेटं घरी ठेवा मॅडम, ती सगळ्यांकडे असतात. केलेलं काम दाखवा. आधी किती लोक येत होते, नंतर किती आले, आकड्यांसकट. रविवारी अकराला."

मग रबाब फाईल लावायला बसली. कामं तीन. पहिलं तिचं स्वतःचं, लाकूड अस्सल बीच झाडाचं आहे की नाही ते कसं ओळखावं, यावरचं इंटरनेटवरचं एक पान. वाचणारे चाळीस, त्यांतले निम्मे नात्यातले. दुसरं शफीक न्हाव्याचं. त्याचं दुकान तिच्या मेहनतीला न जुमानता बुडालं होतं. आकडे दाखवू का विचारल्यावर शफीक म्हणाला, "दाखव की! साऱ्या इजिप्तला दाखव माझे हाल." आणि तिसरं काम वगदीच्या आईचं. खरं काम तेच.

वगदीच्या आईचं नाव काय, हे तिच्या रेशनकार्डालाच ठाऊक. पोटात कांदे ठासून भाजलेली तिची बदकं मात्र अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण गल्लीपुरतीच. आठवड्याला चार बदकं गेली तर डोक्यावरून पाणी. रबाबनं तिचं पान बांधायचं ठरवलं, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून ती आधी चार दिवस कोंबडीबाजारात जाऊन उभी राहिली. तिथं नुकतीच मुलगी दिलेल्या बायका काय विचारतात? "उत्तम बदक कुठं मिळेल" असं कुणीच विचारत नव्हतं. "लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मुलीकडे पाठवायचंय, गरम पोचेल का?" "सासरचे दहा आहेत, दोन पुरतील ना?" "कांदे सोलायला हात नाहीत हो माझ्याकडे, आयतं भरलेलं मिळतं का?" रबाबनं नेमके हेच प्रश्न पानावर घातले आणि खाली वगदीच्या आईच्या तोंडची उत्तरं. दोन महिन्यांत पान सगळ्यांच्या वर गेलं. चाराची पस्तीस बदकं झाली. मागच्या खोलीत दुसरी भट्टी बसली आणि कांदे सोलायला दोन भाच्या आल्या.

गुरुवारी रबाब परवानगी मागायला गेली.

"मावशी, तुमचे आकडे फाईलमध्ये घालू ना?"

वगदीच्या आईच्या हातातला कांदा तिथंच थांबला. "कसले आकडे?"

"हेच, चारावरून पस्तीस..."

"हळू बोल गं बये! भिंतीला कान नसतील, पण शेजारणीला आहेत." ती उठली, खिडकी लावली, नजर लागू नये म्हणून लाकडी ओट्याला तीनदा हात लावला. "कुणी विचारलं तर सांग, बाई म्हातारी आहे, चाललंय आपलं. देवानं झाकून ठेवलंय, बस."

"पण मावशी, मी काय केलं हे कसं कळायचं त्यांना?"

"तीन बदकं विकते असं लिही."

"अहो, तुम्ही आधीच चार विकत होतात! म्हणजे माझ्या कामानं एक कमी झालं?"

वगदीची आई हसली नाही. "पोरी, वगदीच्या बापानं दुसरी करवत घेतली त्या वर्षीची गोष्ट. चहाच्या दुकानात भर गर्दीत म्हणाला, श्वास घ्यायला सवड नाही एवढं काम आहे. आठव्या दिवशी तीन बोटं गेली. आमच्यात झाकली मूठच बरी. तुझे उपकार आहेत माझ्यावर, पण हे मागू नकोस."

रबाब रिकाम्या हातानं परतली. बिचारीला रडू येत होतं आणि रागही येत होता. जगात सगळे आपली फाईल फुगवतात, आणि हिला सुकवायला सांगतात! ज्याचं बुडालं तो छाती पुढं करून आकडे देतो, ज्याचं फळलं तो खिडक्या लावतो. अशानं दुमियातमध्ये या धंद्यात कुणाची फाईल भरायची?

शनिवारी दुपारी ती परत बसली. आकड्यांचं चित्र तिच्या मोबाईलमध्येच होतं, पायथ्यापासून चढत गेलेली निळी रेघ. ती पानावर चिकटवायला दोन सेकंद पुरे. वगदीच्या आईला कळणार कसं? ती काय कचेरीत येणार होती? रबाबनं चित्र चिकटवलं. फार देखणं दिसलं. सतरा वर्षांत कुणाच्या खुर्चीवर तिचं नाव लागलं नव्हतं, आणि ही रेघ तिची स्वतःची होती. मग तिला खोकला आला, चांगला पाच मिनिटं. पाणी पिऊन ती त्या रेघेकडे बघत बसली. नजर लागते की नाही, देव जाणे. पण मावशीनं ती मूठ आपल्यापुढं विश्वासानं उघडली होती, आणि ती बाजारात नेऊन उघडायचा आपल्याला काय हक्क? तिनं चित्र काढून टाकलं. त्या जागी फक्त "आधी" राहिलं. "नंतर"चा चौकोन पांढरा राहिला.

रविवारी रऊफसाहेबांनी फाईल चाळली आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय?"

"साहेब, त्या बाईंची परवानगी नाही."

"मॅडम, ज्यांच्याकडे काही नसतं ते सगळे हेच सांगतात."

 भावाचा कारखाना, तोंडाला बांधलेलं फडकं, सगळं रबाबच्या डोळ्यांपुढं आलं. तरी ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा फोन काढा. तुमच्या बहिणीचं परवा लग्न आहे असं समजा आणि मनात येईल तसं शोधा. बदकं विकत मिळतात हे काही गुपित नाही. किती खपतात तेवढंच गुपित."

रऊफसाहेबांनी भुवया उडवल्या आणि दोन बोटांनी काहीतरी टाईप केलं. वगदीची आई पहिली. दुसऱ्या शब्दांत शोधलं. तरीही पहिली. मग त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी तिथंच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. रबाबनं नको नको म्हणून हात हलवला, पण पलीकडून आवाज आलाच.

"गुरुवारी दोन बदकं मिळतील का, मावशी?"

"या गुरुवारी? अरे बाळा, पुढचे तीन गुरुवार भरलेत! दोन भट्ट्या अन् सहा हात, तरी पुरत नाहीत. भाच्यांचे डोळे कांद्यानं..." आवाज एकदम थांबला. ओट्यावर तीनदा टकटक ऐकू आली. मग एकदम कण्हता सूर. "म्हणजे तसं नाही हं. म्हातारं माणूस मी. आठवड्याला दोन-तीन होतात, तीही कशीबशी. चाललंय आपलं, देवानं झाकलंय."

रऊफसाहेबांनी फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "माझी आई अगदी अशीच! मी या कचेरीचा मालक आहे, आणि ती शेजाऱ्यांना सांगते, पोरगा कुठंतरी कारकून आहे." मग पांढऱ्या चौकोनाकडे बघत ते जरा गंभीर झाले. "हा आकडा तुमच्या मोबाईलमध्ये होता ना?"

"होता."

"तरी घातला नाहीत."

"नाही."

"उद्यापासून या. तीन महिने बघू. आमचीही गिऱ्हाइकं असली झाकणारीच असतात."

संध्याकाळी वगदीच्या आईचा फोन आला. घाबरली होती. "अगं, सकाळी कुणा साहेबी आवाजाच्या माणसानं बदकं मागितली. करखात्यातला तर नसेल? मी आपलं दोन-तीन सांगितलं."

"नाही मावशी, करखात्यातला नव्हता."

"बरं, आणि तुझ्या कामाचं काय झालं?"

रबाबला गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटत होतं. जिन्यात दोन शेजारणी उभ्या होत्या आणि दार उघडं होतं. तिनं दार लोटलं, चौकटीला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही मावशी. बसून करायचं आहे थोडंसं. चाललंय आपलं."

 वगदीची आई अगदी हळू म्हणाली, "कळलं गं बाई. कुणाला सांगू नकोस. मीही सांगत नाही."

तासाभरात वगदी एक ताट घेऊन आला. कुणाला दिसू नये म्हणून वर दोन वर्तमानपत्रं घट्ट बांधली होती. पण भाजलेल्या कांद्याचा वास चारही मजल्यांवर दरवळला, आणि दिवेलागणीपर्यंत एकेक शेजारीण "अभिनंदन हो" म्हणत दारात येऊन गेली.