पाच हॉर्सपॉवरची गहाळ मोटार

पोलिसांच्या नोकरीत खुनापर्यंतचे तपास केले, पण कुणी विचारलं की आधी आठवते ती एक मोटारचोरी.

वडील उदगीरकडे सालगडी होते. आमच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या तेव्हा जमादारांनी त्यांना परत पाठवलं, "चरत गेल्या असतील, येतील." शेळ्या आल्या नाहीत. घरातलं दूध बंद झालं. अर्ज लिहील असं घरात कुणी नव्हतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही.

पुढे नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा चार्ज घेतला. तिथे कागदावर चोऱ्या जवळपास नव्हत्याच. हरवलेल्या वस्तूंचं गहाळ रजिस्टर मात्र भरगच्च. एक शेतकरी मावशी आली. विहिरीतली पाणबुडी मोटार चोरीला गेलेली, गहू पाण्याला आलेला. हवालदारांनी सवयीने गहाळ रजिस्टर ओढलं.

"गहाळ?" मावशी म्हणाली. "पाच हॉर्सपॉवरची हाय, बाबा. कमरंच्या पिशवीतून पडली का माझ्या?"

मी गुन्हा दाखल करायला लावला. त्या रजिस्टरातले मोटारीचे जुने अर्जदारही बोलावले, विहिरींवर जाऊन पंचनामे केले. मोटारचोरीचे सात गुन्हे झाले. जिल्ह्याच्या क्राइम मीटिंगमध्ये आमचा आलेख सगळ्यांच्या वर.

वरिष्ठांनी विचारलं, "तुमच्यामागोमाग चोरांनीही बदली करून घेतली का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "चोऱ्या तेवढ्याच आहेत साहेब. आता लिहून घेतोय."

"मग आता पकडाही."

परत येऊन सातही पंचनामे शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकात एक ओळ होती: वायरची टोकं टेपने नीट गुंडाळलेली. चोर वायर कापतो आणि पळतो. हा टेप लावत बसला होता. मावशीला विचारलं, तिकडे दुरुस्तीला मोटारी कोण काढतं?

"एकच मिस्त्री हाय. लई सज्जन. नवी मोटार विहिरीत सोडायला बी त्यालाच बोलवत्यात की समदे."

मिस्त्रीला ठाण्यात आणलं. दोन तास नाही म्हणत राहिला. मग मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "टेप लावायला वेळ कसा मिळायचा हो?"

तो दुखावल्यासारखा म्हणाला, "उघडी वायर ठिवून कसं जावं साहेब? शेतकरी माणूस, शॉक लागंल की."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने कप खाली ठेवला. मग त्यानेच आपल्या दुकानामागची खोली दाखवली. पाच मोटारी मिळाल्या. दोन विकल्या गेल्या होत्या.

त्यानंतर कमी गुन्ह्यांचं ठाणं दिसलं की मी आधी तिथलं गहाळ रजिस्टर मागायचो. जी चोरी लिहिलीच नाही, ती शोधणार कोण? आणि माणूस चोरी करायला गेला तरी हाताची सवय घरी ठेवून जात नाही.

त्या वर्षी आमचा आलेख वरच राहिला. कोर्टाच्या आदेशाने मावशीला तिची मोटार परत मिळाली, आणि ओंब्या भरायच्या आत गव्हाला पाणी मिळालं.