आबांचं शहाळं

डायलिसिसच्या नळीतून आबांचं रक्त फिरत होतं. आजारी माणसाला न्यायचं म्हणून काकांनी शहाळं आणलं. मी ते अडवलं. त्यातलं पोटॅशियम आबांच्या हृदयाला सोसणार नाही. घराण्यातली पहिली बीएस्सी मी. तांबड्या पेशीच्या पडद्यातले पंप सोडियम बाहेर ढकलतात, पोटॅशियम आत ओढतात, हे मला पाठ आहे. एवढीशी पेशी, पण दारावरची राखण क्षणभर सोडत नाही. मूत्रपिंडांनी मात्र ती कधीच सोडली.

“एक घोट दे गं,” आबा म्हणाले.

“नाही, आबा.”

“शिकलीस ती बापाचं पाणी तोडायला?” काका कडाडले.

“असू दे. तिला कळतं,” म्हणत आबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

कळतं ना, सगळं कळतं. आणि करता येतं ते एवढंच, शहाळं पदराआड धरून बसणं.